चार मॉडेलं, चार आकडे: पाऊस एकत्र करायचा तो कसा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. नाशिकजवळच्या दिंडोरी तालुक्यातल्या शेतकरी उत्पादक कंपनीसाठी तुम्ही रोज संध्याकाळी ओपन-मेटिओ या संकेतस्थळावरून चार जागतिक हवामान मॉडेलांचा पावसाचा अंदाज उतरवून घेता: युरोपियन, अमेरिकन जीएफएस, जर्मन आयकॉन आणि ब्रिटिश. चौघांची सरासरी काढून ती सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकता. सप्टेंबरात ही सरासरी आठवडाभर १२ ते १८ मिमीमध्येच घुटमळत राहिली, आणि प्रत्यक्षात एका गावात टिपूस नाही तर शेजारच्या महसूल मंडळात ७० मिमी. लोकांनी साहजिकच तुम्हाला धारेवर धरलं. आता सरासरी बरोबर यावी म्हणून कोणत्या मॉडेलला किती वजन द्यावं, असं तुम्ही विचारताय.

वजनांवर येतो, पण तो बराच नंतरचा प्रश्न आहे. तुमची खरी अडचण वेगळी आहे. तुम्हाला ‘उद्या किती मिमी’ हे हवंय असं तुम्ही धरून चाललाय, पण तुमच्या सभासदांपैकी कुणालाही ते नकोय. द्राक्षवाल्याला हवंय ते एवढंच की फवारणी टिकेल की धुऊन जाईल. सोयाबीन कापून शेतात पसरलेल्याला हवंय की ताडपत्री काढावी का. हे सगळे ‘अमुक मिमीच्या वर जाईल का’ या जातीचे प्रश्न आहेत. मिमीची सरासरी काढली की नेमकं याचंच उत्तर पुसलं जातं.

ते कसं, ते बघा. एका दिवसासाठी मॉडेलं ०, ०, ६ आणि ५२ म्हणाली. सरासरी १४.५. चौघांपैकी कुणीही साडेचौदा मिमी म्हटलेलं नाही. दोघं म्हणतात कोरडं, एक म्हणतो शिडकावा, एक म्हणतो जोरदार. त्यातून आपण एक ‘मध्यम पाऊस’ तयार केला, जो पडण्याची शक्यता सगळ्यात कमी आहे. हंगामभर असं केलं की दोन गोष्टी हटकून होतात. थोडाथोडा पाऊस जवळपास रोजच दिसू लागतो, कारण चारांतलं एखादं मॉडेल रोजच काहीतरी पाडत असतं. आणि मोठा पाऊस कधीच दिसत नाही, कारण चौघं एकाच गावावर, एकाच दिवशी, एकदम मोठा आकडा क्वचितच देतात. तुमची १२ ते १८ ही अडकलेली रेघ म्हणजे हाच प्रकार. हवामानशास्त्रात हे जुनं दुखणं आहे. ऑस्ट्रेलियातल्या एलिझाबेथ एबर्ट यांनी २००१ मध्ये वेगवेगळ्या केंद्रांची मॉडेलं एकत्र करून ‘गरिबाचा एन्सेम्बल’ (एन्सेम्बल म्हणजे अनेक अंदाजांचा संच) तपासला. सरासरीत पाऊस कुठे पडेल ते बरं कळतं पण किती पडेल ते बिघडतं, हे ध्यानात घेऊन त्यांनी सरासरीतून जागा घ्यायची आणि मूळ मॉडेलांतून आकड्यांचा चढउतार, अशी जोड वापरली. नकाशे काढणाऱ्याला ही युक्ती आजही कामाची आहे. तुमच्यासारख्या एका तालुक्याच्या कामाला त्याहून सोपा रस्ता आहे, तो पुढे सांगतो.

पण सरासरी सरसकट वाईट आहे, असंही नाही. मोठं क्षेत्र आणि जास्त दिवस असतील तर ती चांगलं काम करते. गंगापूर धरणाच्या पाणलोटात येत्या पाच दिवसांत एकूण किती पाऊस होईल, विसर्ग वाढून गोदावरीचं पाणी नाशिकमध्ये पुराची खूण मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत चढेल, अशा प्रश्नांत एका मॉडेलने पाऊस दहा किलोमीटर इकडे दाखवला आणि दुसऱ्याने तिकडे, एकाने दुपारी आणि दुसऱ्याने रात्री, तर ती चूक बेरजेत मुरते. गाव आणि एक दिवस म्हटलं की तीच चूक तुमच्या अंगावर येते. मी धरणांसाठी अंदाज देतो तेव्हा बायस, म्हणजे मॉडेलची नेहमीची एकतर्फी चूक, काढलेली सरासरी बिनदिक्कत वापरतो, आणि एका मळ्यासाठी देतो तेव्हा तिच्याकडे बघतही नाही.

आधी चौघांना एका रांगेत उभं करा

एकत्र करण्याआधीचं काम कंटाळवाणं आहे आणि निम्मा फायदा त्यातच आहे. सगळ्यात आधी दिवस कुठून कुठपर्यंत मोजायचा ते ठरवा. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असतो आणि नोंद दुसऱ्या दिवसाच्या तारखेला होते. म्हणजे मंगळवारी दुपारी चार वाजता कोसळलेला पाऊस वहीत बुधवारच्या नावावर. अ‍ॅपवरचा ‘मंगळवारचा पाऊस’ मात्र मध्यरात्र ते मध्यरात्र असतो, आणि वेळेचा पर्याय निवडायला विसरलात तर तो चक्क ग्रीनिचची मध्यरात्र धरतो, म्हणजे आपली पहाटे साडेपाच. या गोंधळात मॉडेल आणि नोंद एका दिवसाने सरकलेली असतात, आणि माणूस बिचाऱ्या मॉडेलला शिव्या घालत बसतो.

सुदैवाने आपला साडेआठ म्हणजे ग्रीनिचचे बरोबर ३. म्हणून वेळ जीएमटीमध्येच मागवा आणि तासाचे आकडे स्वतः बेरजेला घ्या. ओपन-मेटिओवर तासासमोरचा पाऊस हा मागच्या तासाचा असतो, त्यामुळे आपला दिवस म्हणजे ४ च्या तासापासून दुसऱ्या दिवशीच्या ३ च्या तासापर्यंतचे चोवीस आकडे. मूळ फायली थेट उतरवत असाल तर अजून सांभाळा. युरोपियन मॉडेल पाऊस मीटरमध्ये देतं आणि तो रन (मॉडेलची एक फेरी) सुरू झाल्यापासूनचा साचत गेलेला असतो. जीएफएसमध्ये सहा-सहा तासांनी शून्यावर येणारा हिशेबही असतो. एकातून मागचा आकडा दर वेळी वजा करायचा, दुसऱ्यात फक्त त्या सहा तासांच्या आतच. जुळणी बरोबर झाली का हे तपासायचं असेल तर नोंदीची मालिका एक दिवस मागे, जागेवर आणि एक दिवस पुढे अशी तिन्ही प्रकारे मॉडेलशी ताडून बघा. जागेवर ठेवल्यावर सहसंबंध सगळ्यात जास्त यायला हवा. नाही आला, तर पुढे एक पाऊलही टाकू नका.

दुसरी गोष्ट, किती आधीचा अंदाज. मागचा डेटा घेताना हे हमखास चुकतं. ओपन-मेटिओवरचा ‘मागील अंदाज’ हा प्रत्येक रनचे पहिले काही तास एकापुढे एक जोडून बनवलेला असतो. तो अर्थातच छान जुळतो, कारण त्यात अंदाज जवळजवळ नाहीच. तुम्ही मात्र संध्याकाळी बसून उद्या सकाळनंतरचं सांगताय, आणि त्या वेळी युरोपियनचा हातात असतो तो पहाटे साडेपाचचा रन. संध्याकाळी साडेपाचचा रन रात्री उशिरा येतो. तेव्हा तपासणीलाही तेवढाच आधीचा अंदाज घ्या. तिथेच जुन्या रनचे आकडे एक दिवस आधी, दोन दिवस आधी असे वेगळे मिळण्याची सोय आहे, ती वापरा.

चौकोनात काय बसतं आणि काय नाही

युरोपियन मॉडेलचा मुख्य रन साधारण ९ किलोमीटरच्या ग्रिडवर, म्हणजे तेवढ्या चौकोनांच्या जाळ्यावर, चालतो, ब्रिटिश १०, जीएफएस आणि आयकॉन १३. मे २०२५ मध्ये आपल्याकडे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेली भारत फोरकास्ट सिस्टिम सुरू झाली, ती ६ किलोमीटरची. हे आकडे वाचून वाटतं की आता गावागणिक अंदाज आला. तसं नसतं. कोणत्याही मॉडेलला एखादी गोष्ट नीट उभी करायला तिच्या आडवे चार-सहा चौकोन तरी लागतात. १३ किलोमीटरच्या मॉडेलला ५० किलोमीटरहून लहान ढगांचा समूह धडपणे दिसत नाही, आणि एकटा गडगडाटी ढग तर त्याच्या हिशेबात एक अटकळ म्हणूनच असतो.

त्यात आपला सह्याद्री. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिमीच्या पुढे पाऊस, आणि तिथून पूर्वेला निफाडपर्यंत गेलं की पाचशेच्या आतबाहेर. मॉडेलमधला डोंगर चौकोनांच्या सरासरीमुळे घासून गुळगुळीत झालेला असतो. कडा नाही, उतार असतो. म्हणून घाटमाथ्यावर मॉडेल बहुतेकदा कमी पाऊस देतं आणि तोच पाऊस पर्जन्यछायेत थोडा पुढपर्यंत पसरवतं. तुमचा तालुका नेमका या उतारावर आहे. ननाशीची बाजू पेठला चिकटलेली, पावसाची. मोहाडीची बाजू द्राक्षाची, कोरडी. दोन्हींना एकच आकडा पाठवत असाल तर वजनं कितीही अचूक असोत, एका बाजूला तुम्ही चुकणारच.

यावर साधा तोडगा असा: फक्त आपल्या गावाचा चौकोन न घेता भोवतालचे मिळून तीन बाय तीन, नऊ चौकोन घ्या आणि त्यांतल्या किती चौकोनांत तुमच्या कामाचा पाऊस दिसतोय ते बघा. मॉडेलला ‘आज या भागात जोरदार सरी आहेत’ हे बऱ्यापैकी कळतं, ‘मोहाडीत आहेत’ हे कळत नाही. परतीच्या पावसात तर हे करायलाच हवं. ननाशीकडे मात्र पश्चिमेचे चौकोन बेधडक मिसळू नका, तिथे दहा किलोमीटरवर हवामानच बदलतं.

खरं काय पडलं?

मॉडेलची पारख करायची तर खरा पाऊस हातात हवा. महाराष्ट्रात महावेधची स्वयंचलित केंद्रं महसूल मंडळ पातळीवर आहेत आणि मंडळाचे रोजचे आकडे कृषी विभागाकडे मिळतात. मंडळात चोवीस तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी, आणि पंचनाम्याचं गाडं त्यावरच पुढे सरकतं. म्हणजे या आकड्याला तुमच्या सभासदांच्या लेखी पैशाची किंमत आहे. माझा पहिला कौल याच नोंदींना. फक्त आंधळेपणाने घेऊ नका. नरसाळ्यात काडीकचरा अडकला की केंद्र आठवडाभर शून्य दाखवतं आणि मग एका कोरड्या दिवशी उगाचच पाच मिमी. शेजारच्या तीन मंडळांत ४० आणि मधल्यात शून्य असेल तर तो दिवस बाजूला काढा. कंपनीच्या आवारात एक साधा हाताने मोजायचा पर्जन्यमापक बसवलात तर उत्तम. भोवतालच्या झाडा-भिंतींपासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट अंतर ठेवा आणि रोज साडेआठला वाचा.

उपग्रहाचा पाऊस चालेल का, असं बरेच जण विचारतात. आयमर्ग म्हणून नासाचा जो डेटा आहे तो १० किलोमीटरचा आणि अर्ध्या तासाचा आहे, पठारावर ढोबळ कामाला ठीक आहे. घाटात त्याच्यावर विसंबू नका. पश्चिम वाऱ्यांत सह्याद्रीवर पडणारा बराच पाऊस उथळ ढगांतून येतो, त्या ढगांचे माथे फार थंड नसतात, आणि उपग्रहाला तो कमीच दिसतो. हवामान विभागाचा १९०१ पासूनचा ग्रिड डेटा मोलाचा आहे, पण त्याचा चौकोन पाव अंशाचा, म्हणजे सुमारे २७ किलोमीटरचा. त्यात तुमच्या तालुक्याच्या दोन्ही बाजू एकमेकींत मिसळून जातात.

मिमी नको, शक्यता एकत्र करा

आता मुख्य कृती. काम ठरवा, त्याचा उंबरठा ठरवा. फवारणीसाठी २.५ मिमी धरू. हवामान विभागही ‘पावसाचा दिवस’ म्हणायला एवढाच पाऊस लागतो असं मानतो. मग प्रत्येक मॉडेलचे मागचे अंदाज चार-पाच गटांत विभागा: जवळजवळ शून्य, थोडा, मध्यम, बराच. प्रत्येक गटात बघा की मॉडेल असं म्हणालं तेव्हा मंडळात खरोखर २.५ मिमीच्या वर पाऊस किती वेळा झाला. झाला तुमचा तक्ता.

पुढचे आकडे समजावण्यापुरते आहेत, तुमचे तुम्हाला काढावे लागतील. समजा उद्यासाठी युरोपियन १४ म्हणतंय, जीएफएस ३८, आयकॉन ६ आणि ब्रिटिश ०. तुमची पद्धत म्हणेल १४.५ मिमी. आता तक्ता उघडा. युरोपियन १० ते २० म्हणतं तेव्हा दहातल्या सहा वेळा उंबरठा ओलांडला जातो: ६० टक्के. जीएफएसला मोठे आकडे फेकायची सवय आहे असं तक्त्यात दिसतंय, म्हणून ३८ म्हणाला तरी ६०च. आयकॉनचे ६ म्हणजे ४५ टक्के. ब्रिटिश शून्य म्हणालं तरी परतीच्या पावसात त्या शून्याच्या दिवशीही शंभरातल्या १५ वेळा पाऊस झालेला आहे. आता या चार शक्यतांची सरासरी काढा: ४५ टक्के. या सरासरीला अर्थ आहे. मिमीच्या सरासरीत जीएफएसचे ३८ बाकी तिघांना ओढून नेत होते. इथे प्रत्येकाचं म्हणणं आधी त्याच्या स्वभावाप्रमाणे वाचून घेतलं आणि मगच मिसळलं. तोच खेळ ६५ मिमीच्या उंबरठ्यासाठी केलात तर उत्तर कदाचित तीन-चार टक्के येईल. एकाच दिवसाचे हे दोन आकडे १४.५ पेक्षा किती तरी जास्त सांगतात.

तक्ता हंगामाप्रमाणे वेगळा हवा. जून ते ऑगस्टचा पश्चिम वाऱ्यांचा पाऊस, सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा आणि मार्च ते मेचा अवकाळी, या तिन्हींत मॉडेलांच्या खोडी निराळ्या. ज्या मॉडेलांत गडगडाटी ढग सूत्रांनी अंदाजले जातात ती दुपारचा पाऊस लवकर सुरू करतात, बारा-एकलाच. आपल्याकडे तो चार नंतर, कधी रात्री येतो. दिवसाच्या बेरजेत हे खपून जातं, पण ‘दुपारी दोनपर्यंत फवारून घ्या’ असं तासावर बोट ठेवून सांगायला गेलात तर फसाल.

अडचण एकच, दिवस फार थोडे. परतीच्या पावसाचे दोन हंगाम म्हणजे जेमतेम सव्वाशे दिवस, त्यात ६५ मिमीचे किती निघणार? म्हणून एकेका मंडळाचा तक्ता न करता सारख्या पावसाची चार-पाच मंडळं एकत्र धरा: पूर्वेकडची एका गठ्ठ्यात, पेठच्या बाजूची दुसऱ्यात. एकाच दिवशी पाच मंडळांत पडलेला पाऊस म्हणजे पाच स्वतंत्र पुरावे नव्हेत, एवढं लक्षात असू द्या. आणि गट चार-पाचच ठेवा. वीस केलेत तर प्रत्येकात दोन-तीन दिवस उरतील आणि तक्ता वाटेल ते बोलेल.

आता वजनं

वजनांची कल्पना जुनी आणि भक्कम आहे. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या टी. एन. कृष्णमूर्तींनी १९९९ मध्ये ‘सुपरएन्सेम्बल’ मांडला: मागच्या काळावर प्रत्येक मॉडेलची चूक मोजा, जागेप्रमाणे वजन ठरवा, मग जोडा. हवामान विभागाने २००८ मध्ये जिल्हानिहाय पाच दिवसांचे अंदाज सुरू केले तेही अनेक मॉडेलांच्या मिश्रणावरच. मग तुम्ही का करू नये?

कारण तुमच्याकडे सव्वाशे दिवस आहेत आणि चार मॉडेलं एकमेकांसारखी आहेत. अशा वेळी रिग्रेशन, म्हणजे मागच्या नोंदींना सगळ्यात जवळ बसणारी वजनं काढणारं गणित, चालवलं की एकाला ०.९, दुसऱ्याला उणे ०.३ अशी चमत्कारिक वजनं निघतात. मागच्या हंगामावर ती सुंदर बसतात आणि पुढच्या हंगामात तोंडावर आपटतात. माझा अनुभव असा की प्रत्येकाचा बायस वर सांगितल्याप्रमाणे नीट काढला तर समान वजनांना मागे टाकणं फार कठीण जातं. थोडा झुकता कौल द्यायचाच असेल तर युरोपियनला द्या, दीडपट वगैरे. त्यापुढे जाऊ नका.

त्यापेक्षा महत्त्वाचं आहे नातं ओळखणं. चार साक्षीदार एकच गोष्ट सांगतात म्हणून खटला जिंकलो असं वाटावं आणि नंतर कळावं की त्यातले दोघे सख्खे भाऊ आहेत, तसं इथे होतं. हवामान विभागाचं १२ किलोमीटरचं जीएफएस आणि अमेरिकेचं जीएफएस एकाच घरातली. नोएडाच्या एनसीएमआरडब्ल्यूएफ या सरकारी हवामान केंद्राचं एनसीयूएम मॉडेल आणि ब्रिटिश मॉडेल एकाच घरातली. तुम्ही उद्या ‘अजून दोन मॉडेलं जोडली’ म्हणून ही दोन घेतलीत तर नवी माहिती थोडी आणि जुन्या दोघांचा आवाज दुप्पट. आधी घराघरात सरासरी काढा, मग घरांची. आणि घरं वेगळी असली तरी सगळी जवळपास तेच उपग्रह, तेच फुगे, तीच विमानं यांच्या नोंदींवर उभी आहेत. अरबी समुद्रावर काय चाललंय हे सगळ्यांनाच धड कळलं नसेल तर सगळीच एकमताने चुकतात.

एआय मॉडेलंही या मोजणीत धरा. युरोपियन केंद्राचं एआयएफएस फेब्रुवारी २०२५ पासून नियमित चालू आहे. पावसाचा पट्टा कुठे सरकतोय, कमी दाबाचं क्षेत्र कुठून जाणार, यात ते चांगलं आहे. पण ते आणि गूगलचं ग्राफकास्ट ही दोन्ही शिकली ती मुख्यतः ईआरए-५ या युरोपियन केंद्राच्याच सुमारे ३१ किलोमीटरच्या जुन्या नोंदींवर. त्यामुळे पाऊस सपाट येतो, आणि नात्याने तीही युरोपियन घराच्या जवळचीच.

चारच आकडे कशाला?

तुमच्या जागी मी असतो तर चार एकेरी रन सोडून एन्सेम्बलकडे आधी गेलो असतो. युरोपियनचे ५१ सदस्य, अमेरिकेच्या जीईएफएसचे ३१, आयकॉनचे ४०. सव्वाशेच्या आसपास अंदाज होतात आणि सगळे फुकट मिळतात. सुरुवातीची स्थिती किंचित बदलून तेच मॉडेल पुन्हा पुन्हा चालवतात, म्हणून सदस्य पांगतात. किती सदस्य उंबरठ्यावर गेले ते मोजलं की कच्ची शक्यता तयार. इथेही प्रत्येक केंद्राचं गुणोत्तर आधी वेगळं काढा, नाहीतर ५१ वाल्याचा आवाज आपोआप मोठा होतो.

फक्त ही कच्ची शक्यता तशीच पाठवू नका. पावसाच्या बाबतीत एन्सेम्बल स्वतःवर गरजेपेक्षा जास्त विश्वास ठेवतो: ९० टक्के म्हणतो तेव्हा खरं प्रमाण बरंच खाली असतं, आणि शून्य म्हणतो तेव्हाही अधूनमधून पाऊस होतोच. औषध तेच, मागच्या नोंदींवर तक्ता.

ग्रुपवर काय टाकायचं

शक्यता मिळाली तरी निर्णय ज्याचा त्याचा वेगळा असतो आणि त्याचं गणित सोपं आहे. समजा पावसाआधीच्या संरक्षक फवारणीला एकरी दोन हजार लागतात आणि फुलोऱ्यात डावणी हा बुरशीचा रोग घुसला तर वीस हजारांचा फटका. मग शक्यता दहा टक्क्यांच्या वर गेली की फवारावं. याच्या उलट, जो ठिबकचं पाणी बंद ठेवायचा विचार करतोय त्याने सत्तर-ऐंशी टक्के झाल्याशिवाय थांबू नये. पाऊस चुकला तर बाग ताणावर जाते. ४५ टक्के हा आकडा पहिल्याला ‘लगेच फवारा’ सांगतो आणि दुसऱ्याला ‘पाणी चालू ठेवा’. ‘१४.५ मिमी’ दोघांनाही काहीच सांगत नाही. ही रक्कम पिकाच्या अवस्थेवर आणि औषधावर अवलंबून आहे, तुमच्या कृषी सल्लागाराला बसवून तीन-चार कामांचे उंबरठे एकदाच ठरवून घ्या.

संदेश मी असा लिहीन: ‘बुधवार सकाळी ८:३० ते गुरुवार सकाळी ८:३०. मोहाडी-खेडगाव बाजू: फवारणी धुऊन जाईल असा पाऊस दहातल्या ४-५ वेळा. अतिवृष्टीची शक्यता शंभरात ३-४. ननाशी बाजू: वेगळा संदेश खाली.’ टक्क्यांपेक्षा ‘दहातल्या इतक्या वेळा’ लोक पटकन धरतात. पहिले काही दिवस कुणीतरी विचारणारच, ‘साहेब, पडणार का नाही ते एका शब्दात सांगा.’ एका शब्दात सांगू नका. महिन्याच्या शेवटी मात्र हिशेब त्याच ग्रुपवर मांडा: ‘दहातल्या चार वेळा’ असं ज्या दिवशी म्हटलं त्यांतल्या किती दिवशी पडला. आठ निघाले तरी तुम्ही चुकलात आणि एक निघाला तरी.

काही गोष्टी या सगळ्याच्या आवाक्याबाहेर आहेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी झाला आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७५ सुद्धा नाही. असा फरक कोणत्याही मिश्रणातून गावाच्या पातळीवर आदल्या दिवशी निघत नाही. फार तर ‘या पट्ट्यात कुठेतरी भयंकर काही होऊ शकतं’ एवढं निघतं. पुढच्या दोन-तीन तासांच्या गडगडाटी पावसासाठी मॉडेल बंद करा, रडार आणि इन्सॅट उपग्रहाची चित्रं बघा, विजेसाठी आयआयटीएमचं दामिनी अ‍ॅप. आणि हवामान विभागाने नारिंगी किंवा लाल इशारा दिला असेल तर तुमचा तक्ता काहीही म्हणो, ग्रुपवर आधी तो इशारा जाऊ द्या. त्यांच्या अंदाजकर्त्यांसमोर रडार आणि ताजी निरीक्षणं असतात, तुमच्या तक्त्यात ती नसतात.

शेवटचं एक, जे सहसा कुणी सांगत नाही. मॉडेलं बदलतात. जून २०२३ मध्ये युरोपियन एन्सेम्बल १८ वरून ९ किलोमीटरवर आला. जीएफएसची १६ वी आवृत्ती मार्च २०२१ ची. अशा बदलाच्या अलीकडचे आणि पलीकडचे दिवस एकाच तक्त्यात घातले तर दोन वेगळ्या मॉडेलांचा बायस एकत्र होतो. म्हणून युरोपियन एन्सेम्बलचा तक्ता करताना २०२३ च्या पावसाळ्याच्या मागे जाऊ नका. फळछाटणीला अजून अवधी आहे तोवर पूर्वेकडच्या मंडळांचे मागचे सप्टेंबर-ऑक्टोबर काढा, २.५ आणि ६५ असे दोनच उंबरठे घ्या, आणि आधी फक्त युरोपियन आणि जीएफएस या दोघांचा तक्ता बनवा. त्यात शून्याच्या गटातही पाऊस वीस टक्क्यांहून जास्त वेळा दिसत असेल, तर मॉडेलांना दोष देण्याआधी तारखांची जुळणी पुन्हा एकदा तपासा.